गरोदरपणाविषयीचे लैंगिक आकर्षण: मानसशास्त्र, मौन आणि संमती

अन्वया (धागाकर्ती)

काही पुरुषांना, आणि थोड्या स्त्रियांनाही, गर्भवती स्त्रीच्या शरीराविषयी विशेष लैंगिक ओढ वाटते. आपली पत्नी गरोदर असताना तिच्याविषयीची ओढ टिकून राहणे हा एक अनुभव झाला आणि तो अगदी सर्वसामान्य आहे. समोरची व्यक्ती कोण आहे यापेक्षा ती गरोदर आहे हेच आकर्षणाचे मूळ असणे हा वेगळा अनुभव आहे आणि तो तुलनेने विरळ आहे. या दोहोंत गल्लत झाली की पहिल्या प्रकारचा माणूस स्वतःला उगाच विकृत समजू लागतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाच्या पत्नीला आपल्याला नेमके काय खटकते आहे ते सांगता येत नाही. मी जोडप्यांचे समुपदेशन करते. दोन्ही प्रकारची माणसे माझ्यासमोर बसलेली आहेत, म्हणून हा धागा काढला. चर्चा प्रौढांपुरती आहे आणि शारीरिक वर्णनांत कोणी शिरू नये, एवढी विनंती.

माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘हा आजार आहे का’ हाच असतो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, वेगळी लैंगिक आवड आणि त्या आवडीमुळे होणारा विकार यांच्यात स्पष्ट रेघ ओढलेली आहे. आवड असणे एवढ्याने निदान होत नाही. तिच्यामुळे त्या व्यक्तीला तीव्र त्रास होत असेल, तिचे जगणे विस्कटत असेल किंवा दुसऱ्या कोणाला इजा होत असेल, तरच विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. संमती देणाऱ्या प्रौढांमधील वर्तनाबाबत त्यात आणखी एक बारकावा आहे: केवळ लोक आपल्याला नाकारतील या भीतीपोटी होणारा त्रास निदानासाठी धरला जात नाही. आपल्याकडे येणाऱ्या माणसांचा त्रास पुष्कळदा नेमका याच भीतीचा असतो, त्यामुळे हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो.

आता हे आकर्षण येते कोठून? याबाबत हाती असलेला सर्वांत विचार करण्याजोगा अभ्यास मॅग्नस एन्क्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ सेक्शुअल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. गरोदरपण किंवा स्तन्य देणारी स्त्री यांविषयी आकर्षण असलेल्या, किंवा असू शकेल अशा २०८२ इंटरनेट वापरकर्त्यांची त्यांनी पाहणी केली आणि त्यांना भावंडे किती, धाकटी किती, थोरली किती, वयातले अंतर किती, हे विचारले. या गटात धाकटी भावंडे असलेल्यांचे प्रमाण योगायोगाने असावे त्याहून जास्त निघाले. साधारण दीड ते पाच वर्षे या वयात ज्यांनी आपल्या आईचे पुढचे गरोदरपण आणि स्तनपान पाहिले, त्यांच्यात हा संबंध अधिक ठळक होता.

येथे एक गैरसमज आधीच दूर करते. त्या वयातल्या मुलाच्या मनात लैंगिक भावना असते असे हा अभ्यास म्हणत नाही. ‘माया करणारे मोठे माणूस कसे दिसते’ याचा एक ठसा त्या वयात उमटतो, आणि पुढे प्रौढपणी जोडीदाराची कल्पना घडताना तो ठसा नकळत उपयोगात येतो, असे गृहीतक आहे. प्राण्यांमध्ये याचा पुरावा भक्कम आहे. कीथ केंड्रिक यांच्या गटाने १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या प्रयोगात मेंढीची कोकरे शेळ्यांकडे आणि शेळीची करडे मेंढ्यांकडे वाढवायला दिली होती. मोठे झाल्यावर त्या नरांनी जोडीदार म्हणून सांभाळणाऱ्या आईची जात निवडली आणि पुढे तीन वर्षे स्वजातीत राहूनही त्यांची निवड बदलली नाही. माद्यांची निवड मात्र एक-दोन वर्षांत पालटली. माणसाला हे जसेच्या तसे लागू होत नाही. तरीही ‘ही मुलाच्या मनाची घाण आहे’ या निकालापेक्षा हे स्पष्टीकरण कितीतरी अधिक समजूतदार आहे.

निशिगंध

मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून पद्धतीविषयी विचारते. इंटरनेटवरच्या विशिष्ट गटांत जाऊन उत्तरे गोळा केली तर नमुना आपोआपच एकांगी होतो. जे संकोचून गप्प बसले ते मोजलेच गेले नाहीत. थोरल्या मुलांना कुतूहल जास्त किंवा संगणक आधी हाताळायला मिळाला, अशी कारणेही असू शकतील.

अन्वया (धागाकर्ती)

आक्षेप योग्य आहे. जन्मक्रमाने काहीच फरक पडत नसेल तर पुरेशा मोठ्या गटात थोरल्या आणि धाकट्या भावंडांची संख्या जवळपास सारखी यावी, कारण भावंडांच्या प्रत्येक जोडीत एक थोरले आणि एक धाकटे असतेच. येथे ती तशी आली नाही. केवळ थोरलेपणाचाच हा परिणाम असता तर धाकटे भावंड नेमके किती वर्षांनी झाले याला महत्त्व उरले नसते. वयाची ठरावीक खिडकी दिसणे ही गोष्ट म्हणूनच मला वजनदार वाटते. पण तुम्ही म्हणता तसा नमुना एकांगी आहे, आकर्षणाची तीव्रता लोकांनी स्वतःच सांगितलेली आहे, आणि जगातल्या बहुसंख्य थोरल्या मुलांना असे कोणतेही विशेष आकर्षण वाटत नाही. त्यामुळे याला एका कारणाचा धागा म्हणावे, संपूर्ण कारण म्हणू नये.

इतर कारणे मी माझ्या खोलीत ऐकलेल्या बोलण्यावरून मांडते, संशोधन म्हणून नाही. काहींना गरोदरपण म्हणजे स्त्रीच्या लैंगिक आयुष्याचा जगासमोर आलेला एकमेव मान्य पुरावा वाटतो. बाकी सगळे झाकायचे असते, पोट मात्र मिरवायचे असते, आणि त्या विरोधाभासातच ओढ निर्माण होते. काहींच्या बाबतीत आपल्या पुरुषत्वाची खूण दिसण्याचे समाधान असते. काही जोडप्यांनी तर सरळ सांगितले की गर्भधारणेची धास्ती नसल्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच ती दोघे मोकळी झाली. हे शेवटचे कारण फारच साधे आहे आणि पुस्तकांत त्याला पुरेशी जागा मिळत नाही, असे माझे मत आहे.

सरळरेषा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हे विषय पाश्चात्त्य देशांतून आले आहेत. आपल्याकडे गर्भवतीकडे आई म्हणूनच पाहिले गेले. तिची ओटी भरतात, तिला जपतात. तिच्याकडे अशा दृष्टीने पाहणे आपल्या परंपरेत नव्हते, आणि चर्चा करून ते वाढवू नये असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जुनी_वही

मी निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. सरळरेषा यांची कळकळ समजते, पण परंपरेबद्दलचे विधान तपासून घ्यावे लागेल.

कालिदासाच्या ‘रघुवंशा’चा तिसरा सर्ग राणी सुदक्षिणेच्या गरोदरपणाने सुरू होतो. तिचे अंग थकलेले आहे, अंगावर मोजकेच दागिने आहेत आणि चेहरा लोध्राच्या फुलासारखा फिकट झाला आहे. डोहाळ्यांमुळे तिने माती खाल्लेली आहे. मातीचा वास येणारे तिचे मुख राजा दिलीप एकांतात हुंगतो आणि कितीही हुंगले तरी त्याची तृप्ती होत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पहिल्या सरींनी शिंपलेल्या वनातल्या डबक्याशी हत्ती जसा रेंगाळतो, तशी कवीने उपमा दिली आहे. पुढे तिच्या बदललेल्या देहाचे वर्णनही त्याने न लाजता केले आहे. हा राजा रघुवंशातला आदर्श गृहस्थ आहे, कोणी विलासी नव्हे, आणि वर्ग शिकवताना हा श्लोक गाळणारे माझे सहकारी मी पाहिलेले आहेत.

त्याच वेळी सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहिल्यापासून मैथुन आणि व्यायाम टाळावेत असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते की गर्भवतीचे डोहाळे पुरवले नाहीत तर गर्भाला दोष लागतो. म्हणजे एकाच परंपरेत वैद्य संयम सांगतो, स्मृतिकार तिची इच्छा पुरवा म्हणतो आणि कवी नवऱ्याची ओढ सुंदर करून दाखवतो. यातला कवी आपण विसरलो, वैद्याचा निषेध तेवढा ध्यानात ठेवला, आणि स्मृतिकाराचा उपदेश खाण्यापिण्यापुरता आवळून घेतला. दिलीपाच्या वागण्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक बाब: त्यापुढच्याच श्लोकांत, लाजेमुळे ती आपल्याला काही सांगत नाही म्हणून, तिला काय हवे आहे ते राजा तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो. त्याची ओढ आणि त्याची विचारपूस एकत्र चालतात.

कुंदकळी

जुनी_वही, आपण लिहिलेले वाचून माझ्या बाबतीत जे घडले ते लिहावेसे वाटले. मला पाचवा लागला तेव्हा सासूबाईंनी माझी गादी त्यांच्या खोलीत घातली. कोणी काही बोलले नाही, नवराही नाही. उलट्या थांबल्या होत्या, जेवण जात होते, केस दाट झाले होते, आणि आयुष्यात प्रथमच मला माझे शरीर आवडू लागले होते. मला नवरा जवळ हवा होता. तो मात्र सकाळी माझ्यासाठी नारळपाणी आणून ठेवायचा, संध्याकाळी गोळ्या घेतल्यास का म्हणून विचारायचा आणि देव्हाऱ्यासमोर उभे राहावे तसा दोन हात दूर उभा राहायचा. बाळ झाल्यावर कधीतरी मी त्याला विचारले. ‘तुझ्याविषयी तसे मनात आले की पाप केल्यासारखे वाटायचे,’ असे तो म्हणाला. म्हणजे ओढ त्यालाही होती. आम्ही दोघांनी ते महिने वेगवेगळ्या खोल्यांत एकमेकांची आठवण काढत घालवले आणि घरातल्या सगळ्यांना वाटत होते की माझी उत्तम काळजी घेतली जाते आहे.

अन्वया (धागाकर्ती)

कुंदकळी, तुमच्या पतीने जे सांगितले त्याचे वर्णन मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१२ च्या एका निबंधात केले आहे: काही पुरुष जिच्यावर प्रेम करतात तिची इच्छा धरू शकत नाहीत आणि जिची इच्छा धरतात तिच्यावर प्रेम करू शकत नाहीत. फ्रॉइडची सगळी उपपत्ती मला पटत नाही, पण हे निरीक्षण आपल्या घरांना लागू पडते. पत्नीला ‘आई’चे स्थान मिळाले की तिच्याविषयीची इच्छा अपराध वाटू लागते. गरोदरपणाविषयी विशेष आकर्षण असणारा पुरुष याच्या अगदी दुसऱ्या टोकाला असतो. आणि तरीही दोन्ही टोकांना एक गोष्ट समान राहू शकते, ती म्हणजे त्या स्त्रीला स्वतःला काय वाटते हे कोणीच विचारत नाही.

रानजाई

मी त्या दुसऱ्या टोकाची बायको आहे.

गरोदर असताना माझा नवरा माझ्यावर अक्षरशः जीव टाकत होता. दर रविवारी सकाळी कपाटाशेजारी, त्याच जागी, बाजूने उभे करून तो माझा फोटो काढायचा. पोट किती वाढले ते दिसावे म्हणून कुर्ता मागून घट्ट धरायला सांगायचा. पहिले काही आठवडे मला कौतुक वाटले. सातव्या महिन्यात माझ्या पायांना इतकी सूज होती की चपलेचा पट्टा रुतून वळ उठत. त्या फोटोंत माझे पाय कधीच नव्हते. एका रविवारी मी म्हटले, आज बसून काढ, उभे राहवत नाही. त्याचा चेहरा उतरला आणि त्याने फोटोच काढला नाही.

बाळंतपणानंतर सगळे ओसरले. पोट उतरले तशी त्याची नजरही उतरली. मला त्या काळात सर्वांत जास्त आधार हवा होता. मी कित्येक दिवस समजत होते की मीच बेडौल झाले म्हणून हे घडले. पुढे एकदा त्याने स्वतःहून सांगितले की गरोदर स्त्रियांविषयी त्याला नेहमीच असे वाटत आलेले आहे. ऐकून मला हायसे वाटले, आणि तितकाच संतापही आला. हायसे यासाठी, की दोष माझ्या शरीराचा नव्हता. संताप यासाठी, की त्या नऊ महिन्यांतले प्रेम मी माझ्या नावावर जमा धरले होते.

वाटेवरचा

रानजाई, आपले लिहिणे वाचून बराच वेळ काही सुचले नाही. मी आपल्या पतीच्या जागी असू शकलो असतो, म्हणून लिहितो.

मी चाळिशीतला विवाहित पुरुष आहे. हे आकर्षण मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. नात्यातल्या डोहाळजेवणांना जायचे मी टाळत असे आणि घरच्यांना वाटे की मला बायकांच्या कार्यक्रमांचा कंटाळा आहे. आपल्यासारखे दुसरे कोणी असेल याची मला कल्पनाही नव्हती. लग्नानंतर वर्षभराने, मुलाचा विचार सुरू होण्यापूर्वी, मी पत्नीला सांगितले. ती रागावली नाही. तिने एकच विचारले, ‘तुला मूल हवे आहे की माझे पोट हवे आहे?’ त्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही हे मला तेव्हा कळले. मूल कधी हवे, हवे की नको, हा निर्णय तिने आधी घ्यायचा आणि मी त्यावर दबाव आणायचा नाही, असे आमचे ठरले. आम्हाला एक मुलगी आहे. दुसरे मूल नको, असे पत्नीने सांगितले तेव्हा मला आतून वाईट वाटले, पण त्या वाइटाचा भार तिच्यावर टाकण्याचा मला अधिकार नाही.

इंटरनेटवर अशी छायाचित्रे जमवणारी खाती असतात. मी तेथे जात नाही, कारण त्या चित्रांतल्या कोणत्या बाईला आपले चित्र तेथे आहे हे माहीत आहे, ते मला समजू शकत नाही. अन्वया यांना माझा प्रश्न असा की, ही ओढ उपचारांनी जाते का, आणि ती घालवावी का?

अन्वया (धागाकर्ती)

वाटेवरचा, ओढ मुळातून घालवण्याचा खात्रीचा उपाय नाही, आणि तुमच्याबाबतीत तसा प्रयत्न करण्याचे कारणही मला दिसत नाही. समुपदेशनात लक्ष दिले जाते ते वागण्यावर, अपराधभावावर, आणि आकर्षणाचे वर्तुळ एका स्थितीपुरते न राहता संपूर्ण व्यक्तीपर्यंत वाढवता येते का यावर. तुमच्या पत्नीने विचारलेला प्रश्न मी यापुढे माझ्याकडे येणाऱ्यांना विचारीन. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिला गर्भ राहावा म्हणून दबाव आणणे, गर्भनिरोधकात लबाडी करणे, ‘आणखी एक’ म्हणून मागे लागणे, ही प्रजननाबाबतची जबरदस्ती आहे. तिच्यामागे वंशाचा दिवा असो की नवऱ्याची लैंगिक आवड, सोसायचे तिलाच असते: पाठदुखी, रक्तस्राव, टाके, झोपेविना रात्री आणि थांबलेली नोकरी.

रानजाई, तुमच्या पतीने सांगायला हवे होते ते आधी. तुमचा संताप रास्त आहे आणि तो लवकर शांत व्हावा असा आग्रह कोणी धरू नये.

प्रसूतिकक्ष

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वैद्यकीय बाजू लिहिते, कारण या बाबतीत घराघरांत भीती फार आणि माहिती थोडी आहे.

गरोदरपणात कोणतीही गुंतागुंत नसेल तर शरीरसंबंधाने बाळाला इजा होत नाही. बाळ गर्भजलात असते, गर्भपिशवीचे तोंड बंद असते आणि त्यात घट्ट स्रावाचे बूच असते. मात्र अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल, पाणी गेले असेल, दिवस पुरे होण्याआधी कळा येण्याचा धोका असेल किंवा गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, तर डॉक्टर मनाई करतात आणि ती काटेकोरपणे पाळावी. ‘तिला चालते’ हा निर्णय नवऱ्याने परस्पर घ्यायचा नसतो.

स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेबद्दल बोलायचे तर, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी १९६६ मध्ये मधल्या तिमाहीत इच्छा वाढते असे मांडले होते. पुढे किर्स्टन फॉन झिडो यांनी १९९९ मध्ये ५९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पहिल्या तिमाहीत थोडी घट, मधल्या तिमाहीत व्यक्तीगणिक फार फरक आणि शेवटच्या तिमाहीत ठळक घट, असे चित्र त्यातून पुढे आले. कुंदकळी यांना पाचव्या महिन्यात जे वाटले ते अगदी नैसर्गिक होते, आणि त्याच महिन्यात दुसरीला स्पर्शही नकोसा झाला तर तेही तितकेच नैसर्गिक आहे.

माझ्या तपासणीच्या खोलीत हा प्रश्न जोडप्याकडून क्वचितच येतो, कारण सोबत सासू किंवा आई बसलेली असते. म्हणून मी वजन करण्याच्या निमित्ताने रुग्णेला पडद्यामागे नेते आणि तेथे हळूच विचारते. विचारले की बहुतेकींना बोलायचे असतेच.

मैत्रेयी_वकील

वाटेवरचा यांनी छायाचित्रांचा उल्लेख केला, त्या धाग्याने कायद्याची बाजू मांडते.

ऑगस्ट १९९१ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाच्या मुखपृष्ठावर डेमी मूर या अभिनेत्रीचे, ती सात महिन्यांची गरोदर असताना, ॲनी लिबोविट्झ यांनी काढलेले विवस्त्र छायाचित्र छापले गेले. तेव्हा अमेरिकेतल्या काही दुकानांनी अंक कागदात गुंडाळून विकला. आज आपल्याकडे लहान शहरांतही गरोदरपणाची छायाचित्रे हौसेने काढून घेतली जातात. फुलांची वाडी, हिरवी साडी, हातात धनुष्यबाण, मागे झोपाळा, हे सगळे समाजमाध्यमांवर टाकले जाते. त्यात मला काहीही गैर वाटत नाही. ज्या शरीराला पदराआड लपवायला शिकवले होते, ते अभिमानाने दाखवण्याचा हक्क त्या बाईला आहे.

माझ्या चुलत बहिणीने असाच फोटो टाकला होता. पेढ्याची वाटी उघडताना ती हसते आहे, एक हात पोटावर आहे, मागे आत्याबाई दिसते आहे. काही आठवड्यांनी तोच फोटो आत्याबाईला कापून एका अनोळखी खात्यावर, खाली अश्लील शेरा जोडून, दिसला. बहीण तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होती. तिने नंतरचे सगळे दिवस घरात गाऊन घालून काढले आणि बारशाचा एकही फोटो कोणाला पाठवला नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरते आहे, आणि भारतीय न्याय संहितेतले कलम ७७ खासगी क्षणी चोरून पाहण्याविषयी आहे. साडी नेसून, चारचौघांत काढलेला फोटो यांत सहज बसत नाही. शेरा अश्लील असेल तर स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान म्हणून कलम ७९ चा विचार होतो. फोटोत फेरफार करून तो नग्न भासवला असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तक्रारीनंतर ठरावीक, थोड्या मुदतीच्या आत माध्यमाने तो काढण्याची कार्यवाही करायची असते. व्यवहारात लवकर उपयोगी पडणारी आणखी एक वाट आहे. पैसे देऊन छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेतला असेल आणि करारात वेगळे काही नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार त्या छायाचित्राची पहिली मालकी फोटो काढून घेणाऱ्याची असते. त्या आधारावर फोटो हटवण्याची मागणी करता येते. तक्रारीआधी पडद्याचे चित्र आणि दुवा जपून ठेवावा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नोंद करावी.

घरातल्या जबरदस्तीबद्दलही लिहिले पाहिजे. गर्भवती आहे हे माहीत असताना तिच्यावर बलात्कार करणे हा कायद्याने अधिक गंभीर गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ६४ च्या दुसऱ्या पोटकलमात त्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. पण कलम ६३ मधल्या अपवादामुळे अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतच येत नाही. म्हणजे ज्या घरात गर्भवती स्त्रीला हा धोका सर्वांत जवळचा असतो, तेथेच हे कलम तिच्या कामी येत नाही. हा अपवाद अन्यायकारक आहे असे माझे ठाम मत आहे. तो रद्द होत नाही तोपर्यंत २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घ्यावा. त्याच्या कलम ३ मध्ये लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे आणि संरक्षणाचा आदेश मिळवता येतो.

कोकणकडा

कार्यालयात गरोदर सहकारी स्त्रीला ‘तू आता जास्तच छान दिसतेस’ असे म्हणणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत. तीही हसून सोडून देते. हे कौतुक की आणखी काही?

मैत्रेयी_वकील

२०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात लैंगिक स्वरूपाचे, नकोसे वाटणारे शाब्दिक आणि अशाब्दिक वर्तन येते. तिला ते नकोसे आहे का, हा कळीचा भाग आहे. बोलणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा ते तिला कसे पोहोचले याला अधिक वजन असते. ती हसली म्हणून तिला चालते असे समजू नये. वरिष्ठासमोर, बाळंतपणाची रजा मंजूर व्हायची असताना, कोण रागावून दाखवील? न विचारता पोटाला हात लावणाऱ्या सहकारी स्त्रियांनाही मी हेच सांगते.

सरळरेषा

सगळे प्रतिसाद वाचले. परंपरेबद्दल जुनी_वही यांनी दिलेला संदर्भ मी घरी काढून पाहिला. चर्चेने हे वाढेल ही माझी शंका अजून पूर्ण गेलेली नाही, पण रानजाई आणि कुंदकळी यांनी जे लिहिले ते चर्चेशिवाय मला कधीच कळले नसते. माझ्या मुलाचे लग्न ठरते आहे. अशी काही आवड असलेल्या मुलाने ती कधी सांगावी? लग्नाआधी सांगितली तर स्थळ मोडेल, नंतर सांगितली तर फसवणूक होईल.

अन्वया (धागाकर्ती)

सरळरेषा, पहिल्या दोन-तीन भेटींत हे सांगण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. एकमेकांशी आरोग्य, मूल, शरीरसंबंध यांविषयी मोकळेपणाने बोलता येण्याइतकी ओळख लग्नाआधी व्हायला हवी, आणि हा विषय त्या बोलण्यात यावा. ते राहून गेले असेल तर मुलाचा विचार सुरू होण्याआधी तरी सांगितलेच पाहिजे, कारण त्या क्षणापासून हा विषय त्याच्या मनापुरता न राहता तिच्या शरीराचा होतो. सांगताना ‘मला समजून घे’ एवढ्यावर थांबू नये. गरोदरपणात तिने नको म्हटले तर मी काय करीन आणि बाळंतपणानंतर माझे लक्ष ओसरले असे तिला वाटले तर ते तिने मला कसे सांगावे, हेही बोलून ठेवावे. रानजाईंच्या बाबतीत नेमके हेच राहिले.

एकट्याने बोलणे जड जात असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार तेथे सांगितलेली माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. घरच्यांना कळेल म्हणून जाणे टाळू नये. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

रानजाई

कोणी विचारले नाही, तरी लिहिते. माझा नवरा हा धागा वाचतो आहे, मीच त्याला दुवा पाठवला. वाटेवरचा यांच्या पत्नीचा प्रश्न त्याने दोनदा वाचला. पुढच्या आठवड्याची समुपदेशकाची वेळ त्याने घेतली आहे. मी सोबत जायचे की नाही ते अजून ठरवलेले नाही, आणि त्याने त्याबद्दल मला घाई केलेली नाही.